गुरुवारचा अध्याय कोण वाचणार?

दासगणू महाराजांनी शेगावच्या गजानन महाराजांवर १९३९ साली लिहिलेल्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाचे अध्याय एकवीस. एकट्याने पारायण करायचं तर लांब बैठक लागते, गुडघे साथ देत नाहीत, घरात ये-जा चालू असते. म्हणून भक्तांनी साखळी पारायणाची सोय काढली. एकवीस जणांचा गट करायचा, दर गुरुवारी प्रत्येकाने एकच अध्याय वाचायचा, पुढच्या गुरुवारी ज्याने त्याने आपला पुढचा घ्यायचा. गटाचं दर आठवड्याला एक पारायण होतं आणि एकवीस आठवड्यांत प्रत्येकाचा ग्रंथ पुरा होतो. व्हॉट्सॲपमुळे या साखळ्या शेगावातून पुण्याला, दुबईला, अमेरिकेला पोचल्या. वाचन झालं की ‘जय गजानन’ लिहायचं, एवढाच खरा तर करार. पण माणसं एवढ्यावर कुठली थांबतात! अध्यायामागून गुडघ्याचं ऑपरेशन येतं, नातीचं बारसं येतं, काशीयात्रेचे फोटो येतात, आणि एखाद्या गुरुवारी ‘आमचे हे गेले’ असंही येतं.

अशा गटातल्या माणसांना मित्र म्हणायचं का, यावरून एका घरात झालेला हा वाद. मावशी खामगावची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, विषय विज्ञान. भाचा चिखलीचा, कृषी पदवीधर, स्वतःचं कृषी सेवा केंद्र चालवणारा. म्हणजे मावशी घाटाखालची आणि भाचा घाटावरचा. बुलढाणा जिल्ह्यात वादाला एवढं कारण पुरतं.

भाचा : मावशी, एक विचारतो, रागावू नको. परवा माझ्या साडूचं ऑपरेशन झालं, ते तुला ठाऊक नव्हतं. पण ह्यूस्टनच्या कोण्या बाईच्या गुडघ्याची वाटी कधी बदलली, हे तुला तोंडपाठ!

मावशी : तुझ्या साडूने सांगितलं नाही, ह्यूस्टनवालीने सांगितलं. मला कळायचं कसं? आणि उजव्या गुडघ्याची बदलली.

भाचा : पण तिला कधी पाहिलंस तरी का तू?

मावशी : व्हिडिओवर पाहिलं. शेगावला यायचं म्हणते, पण व्हिसा, सुट्ट्या, गुडघा, काही ना काही आडवं येतं. बाकीचे बरेच भेटले. मार्च २०२० मध्ये देवळं बंद झाली तेव्हा आमचा गट जमला आणि त्या नोव्हेंबरात दिवाळीच्या पाडव्याला राज्यातली देवळं उघडली, तेव्हा ठरलं की जमेल त्याने शेगावला यायचं. यायला पुढे बरेच महिने गेले. स्टेशनावर नाशिकच्या ताई उतरल्या आणि मला आधी त्यांचा आवाज ओळखू आला, तोंड नंतर. फोटोत उंच वाटायच्या, प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागतात. दर्शन झालं, कचोरी खाल्ली, भक्तनिवासात रात्री दोन वाजेपर्यंत बोलत बसलो. पहिल्या भेटीत नवीन असं काही सांगायला उरलंच नव्हतं.

भाचा : हे तुझं नशीब चांगलं म्हणून. माझ्या दुकानात येणाऱ्या एका मास्तरांना फेसबुकवर लंडनची डॉक्टरीण भेटली. रोज सकाळी विचारपूस, रात्री विचारपूस. सहा महिन्यांनी तिने भेट पाठवली आणि ती म्हणे विमानतळावर कस्टममध्ये अडकली. मास्तरांचे पैसे गेले ते गेले, वर घरात तोंड दाखवायची चोरी.

मावशी : सायबर तक्रारीचा १९३० नंबर मी कपाटाच्या दारावर लिहून ठेवला आहे, वर्गात वेळापत्रक लावायचे तसा. गटात पैशाचा विषय काढायचा नाही, हा आमचा पहिला नियम आहे. आणि तू एक सांग, आपल्याकडे पतसंस्था बुडाल्या, त्या काय मोबाईलवर बुडाल्या? संचालक रोज देवळात भेटायचे, लग्नात शेजारी पंगतीला बसायचे. चेहरा पाहिला म्हणून माणूस कळतो, असं मला तरी ठेवीदारांपुढे उभं राहून म्हणता येणार नाही.

भाचा : बरं, फसवणूक बाजूला ठेव. खरी माणसं धरू. तरी माझा मुद्दा राहतोच. मित्र म्हणजे अडीनडीला धावून येतो तो. १ जुलै २०२३ ची पहाट आठव. नागपूरहून पुण्याला निघालेली बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली, पेटली, पंचवीस माणसं गेली. ओळख पटणं मुश्कील, म्हणून बुलढाण्यातच सामूहिक अंत्यसंस्कार झाले. त्या माणसांच्या मोबाईलमध्ये किती गट असतील! शोकाचे संदेश देशभरातून आले असतील. पण हातात पाण्याची बाटली घेऊन उभं राहायला आपल्या जिल्ह्यातला, ज्याला त्यांचं नावही माहीत नव्हतं, असाच माणूस लागला. जवळ असणं म्हणजे हे.

मावशी : त्या माणसाला माझा दंडवत. पण तू ज्याला जवळ असणं म्हणतोस, ते मी उलट्या बाजूनेही पाहिलं आहे. तुझे काका एप्रिल २०२१ मध्ये गेले. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा. तू आलास, पीपीई किट घालून लांब उभा राहिलास. शेजारच्यांनी दार किलकिलं करून हात जोडले. त्यांचा दोष नाही, भीतीच तशी होती. पण दहा दिवस या घरात मी आणि टीव्ही. दुपारचं निभतं रे, दुपारी फोन येतात. झोप उडते ती रात्री तीनला. खामगावात रात्रीचे तीन वाजतात तेव्हा ह्यूस्टनला आदल्या दिवशीचे दुपारचे साडेचार झालेले असतात. ती बाई ऑफिसातून निघून गाडीत बसायची आणि मला फोन लावायची. कधी बोलायची, कधी नुसती फोन चालू ठेवून गाडी चालवायची. मला तिच्याकडच्या रस्त्याचा आवाज यायचा.

भाचा : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

मावशी : तुला काहून सांगू? तू रात्री तीनला झोपलेला असायला पाहिजेस. सकाळी दुकान उघडायचं असतं.

आणि दुसरी गोष्ट. तुझ्या काकांनी एका ठेवीवर वारस म्हणून कोणाचं नावच लावलं नव्हतं. मला त्यांचा इतका राग आला होता, की फोटोला हार घालताना हात थांबायचा. हे मी आपल्या नात्यात कोणाला बोलू? बोलले असते, तर संध्याकाळपर्यंत मेहकरपासून मलकापूरपर्यंत बातमी, की मास्तरीणबाई नवऱ्याच्या मागे पैशासाठी चिडल्या. नाशिकच्या ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, माझ्याही नवऱ्याने हेच केलं होतं, तीन वर्षं चिडले होते, अमुक कागद काढा, तमुक अर्ज करा. आमच्या भाऊबंदकीत त्यांचा कोणताच वाटा नाही. म्हणून तर त्यांच्यापाशी बोलता आलं.

भाचा : म्हणजे परकेपणाचा फायदा.

मावशी : फायदाच. जी. ए. कुलकर्णींचं उदाहरण घे. माणसांच्या गर्दीपासून चार हात दूर राहणारा लेखक, आयुष्याचा मोठा काळ धारवाडला काढला. पण त्यांची पत्रं वाच. चार खंड निघाले निवडक पत्रांचे, आणि पहिला सगळा सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांचा. भेटी मोजक्या, पत्रं ढीगभर. जे समोर बसून कोणाला सांगितलं नसतं, ते त्यांनी पाकिटात घालून पाठवलं. त्याला कोणी खोटी मैत्री म्हणत नाही, उलट आपण ती पुस्तकं कपाटात जपून ठेवतो. टपालाच्या जागी मोबाईल आला, की तेच लगेच हलकं कसं होतं?

भाचा : होतं. कारण पत्राला वेळ लागायचा. माणूस चार ओळी खोडायचा, विचार करायचा, तिकीट लावायचा. आता अंगठा लागतो. आमच्या व्यापारी संघटनेच्या गटावर मागच्या महिन्यात एकाच्या वडिलांची बातमी आली. खाली सत्तर वेळा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, एकाचं बघून दुसऱ्याने चिकटवलेलं. मधेच कोणाचा तरी वाढदिवस निघाला, तर केकचं चित्र. त्याखाली एकाने गडबडीत ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ टाकलं. वाढदिवसवाला बिचारा दिवसभर ‘मी जिवंत आहे’ म्हणून सांगत बसला!

मावशी : (हसत) आणि तेराव्याच्या पंगतीला बसून सोयाबीनचा भाव विचारणारे तू पाहिले नाहीस? पार पानावर बसून, मेलेल्याच्या मुलालाच विचारतात, यंदा किती क्विंटल झालं म्हणून. उथळ माणूस पंगतीतही उथळ, मोबाईलवरही उथळ. आमच्या गटात फुलांची चित्रं टाकायला मनाई आहे. दुःखाची बातमी आली तर फोन करायचा, नाही जमलं तर स्वतःच्या चार ओळी लिहायच्या, तेही नाही जमलं तर गप्प बसायचं.

भाचा : आनंदाचं काय? तेही असंच मोजूनमापून?

मावशी : आनंदाला नियम नाही. दुबईच्या दादांना नात झाली, तर ज्याने त्याने आपापल्या गावचे पेढे आणून आपापल्या घरी खाल्ले आणि फोटो टाकले. मिरजेचे, सातारचे, आमचे खामगावचे. दादा म्हणाले, बारशाला इतके प्रकार मांडवातही झाले नसते.

भाचा : आणि प्रवास? तू तर गेल्या वर्षी काश्मीरला जाऊन आल्यासारखी बोलत होतीस.

मावशी : गेलेच होते, नाशिकच्या ताईंच्या डोळ्यांनी. माझे गुडघे मला शेगावच्या पलीकडे नेत नाहीत. पण देणं-घेणं दोन्हीकडून असतं. दुबईचे दादा लोणारला आले, तेव्हा मी इथे बसून त्यांना फिरवलं. म्हटलं, आधी धारेवर जा, मग विवराच्या काठाने चाला, गावात परतलात की दैत्यसूदनाच्या मंदिराच्या भिंती उन्हं कलताना बघा. बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेलं असं विवर जगात विरळा, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं. पहिल्यांदा कोणीतरी माझं ऐकत ऐकत त्या कडेने चाललं.

भाचा : लोणारचंच घे ना मग. जून २०२० मध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं. सगळ्या जगाने फोटो पाहिला, वाहवा केली. खारं पाणी, त्यातले सूक्ष्मजीव, पुण्याच्या आघारकर संस्थेने कारण शोधून काढलं, सगळं झालं. पण काठावर उभं राहिलं की त्या पाण्याचा जो वास येतो, तो किती जणांपर्यंत पोचला? फोटोला वास नसतो, मावशी. तुमच्या गटात माणसं आपला गुलाबी रंग दाखवतात. घरी चिडचिड करणारा, सुनेशी न बोलणारा, उधारी बुडवणारा माणूस तिथे दिसतच नाही. एका घरात राहणाऱ्याला वासासकट माणूस पत्करावा लागतो. मैत्री तीच म्हणायची.

मावशी : हे मात्र खरं बोललास. याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. एवढंच सांगते की वर्षानुवर्षं दर गुरुवारी रंग लावून बसणं कोणालाच झेपत नाही. कधीतरी वास येतोच. सातारच्या वहिनींनी एकदा एका मताच्या कारणावरून गट सोडला, महिनाभर अबोला धरला. त्यांचा अध्याय दर गुरुवारी कोणीतरी वाचत राहिलं आणि त्यांचं नाव यादीतून काढलं नाही. परत आल्या तेव्हा कोणी काही विचारलं नाही. रुसणं, वाट पाहणं, परत घेणं, हे सगळं झालं त्यात.

भाचा : तरी माझं समाधान होत नाही. तुला टिपेश्वरचा वाघ आठवतो? २०१९ साली यवतमाळकडून निघाला, तेलंगणातून, मराठवाड्यातून, शेतांतून, नाल्यांतून सुमारे तीन हजार किलोमीटर चालला आणि आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. गळ्यात रेडिओ कॉलर. कुठे बसला, कुठे पाणी प्यायला, सगळं उपग्रहाला ठाऊक. देशभर कौतुक झालं. पण ज्ञानगंगेत दुसरा वाघच नव्हता. सगळ्यांना ठावठिकाणा ठाऊक असलेला तो एकटा. मला आजकालची पोरं पाहिली की तोच आठवतो. लोकेशन चालू, स्टेटस चालू, आणि संध्याकाळी चहाला सोबत कोणी नाही.

मावशी : वाघ जात्याच एकटा राहतो, माणूस नाही. पण तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्यावर अभ्यासही झाला आहे. अमेरिकेत पिट्सबर्गला रॉबर्ट क्राउट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने घराघरांत नवे संगणक देऊन पाहणी केली. १९९८ साली त्याने लिहिलं, की इंटरनेट जास्त वापरणाऱ्यांचं घरच्यांशी बोलणं कमी झालं, एकाकीपणा वाढला. खूप गाजलं ते. पण त्याच माणसांकडे तो पुन्हा गेला आणि २००२ साली त्यानेच लिहिलं, की ते बहुतेक दुष्परिणाम ओसरले.

भाचा : मग माझा पक्ष हरला म्हण की!

मावशी : थांब, पुढचं ऐक, ते तुझ्या बाजूचं आहे. वेगळ्या माणसांच्या दुसऱ्या पाहणीत त्याला असंही दिसलं, की ज्यांना आधीपासून माणसांचा आधार होता आणि ज्यांचा स्वभाव मिसळणारा होता, त्यांना इंटरनेटचा फायदा जास्त झाला. ज्यांना आधीच कोणी नव्हतं, त्यांना तेवढा नाही. आमच्या गटात मी हे डोळ्यांनी पाहिलं. मिरजेच्या काकांचं सांगितलं ना तुला?

भाचा : नाही.

मावशी : एकटे राहायचे. मुलगी बंगलोरला. पहाटे पाचला सगळ्यांच्या आधी त्यांचं ‘जय गजानन’ यायचं. एका गुरुवारी आलं नाही. आम्हाला वाटलं, प्रवासात असतील. आमच्याकडे एक रीत आहे. सोयर-सुतक असलं, दवाखाना असला, की गटावर लिहायचं, ‘माझा अध्याय कोणी घ्याल का?’ आणि दोन मिनिटांत कोणीतरी ‘मी घेते’ म्हणतं. काकांनी न सांगताच त्यांचा अध्याय मी वाचला. पुढच्या गुरुवारी सातारच्या वहिनींनी. फोन बंद लागत होता. तिसऱ्या गुरुवारी आणखी कोणीतरी. मग त्यांच्या फोनवरून मुलीचा संदेश आला, की बाबा गेले, फोन आज सापडला, चार्ज केला. ते पहिल्या गुरुवारच्या आदल्या दिवशीच गेले होते.

भाचा : म्हणजे तीन गुरुवार तुम्ही त्यांचे अध्याय वाचत होता आणि माणूस आधीच गेलेला.

मावशी : हो. त्यांच्या आईचं माहेर, त्यांची आवडती भाजी, त्यांची बदली कुठे कुठे झाली, सगळं आम्हाला माहीत होतं. गल्लीचं नाव माहीत नव्हतं. तू हे म्हणायच्या आधी मीच म्हणते, तिथे आमची मैत्री कमी पडली.

नॉर्वेतली एक गोष्ट मी नंतर वाचली. मॅट्स स्टीन नावाचा मुलगा, स्नायू झिजत जाणारा आजार, चाकाच्या खुर्चीवर. दिवसरात्र संगणकावर खेळायचा. २०१४ साली पंचविसाव्या वर्षी गेला. आईवडिलांना वाटत होतं, पोराला मित्र असे लाभलेच नाहीत. वडिलांनी त्याच्या पानावर मृत्यूची बातमी टाकली आणि युरोपभरातून पत्रं यायला लागली. खेळात त्याचं नाव इबेलिन होतं. कोणाचं घर मोडता मोडता त्याने सावरलं होतं, कोणाला नैराश्यातून बोलतं केलं होतं. काही जण विमानाने अंत्यविधीला आले. पुढे २०२४ मध्ये त्याच्यावर माहितीपट आला. मला त्यातलं काय लागलं सांगू? त्या बापाकडे मुलाचा पासवर्ड होता, म्हणून हे कळलं. मिरजेच्या काकांच्या मुलीला आम्ही असल्याचंच ठाऊक नव्हतं.

भाचा : मग तुम्ही काय केलं?

मावशी : यादीत एक रकाना वाढवला. प्रत्येकाने दोन नंबर द्यायचे, एक घरच्या माणसाचा आणि एक पाच मिनिटांत दार वाजवू शकेल अशा माणसाचा. मी समोरच्या किराणावाल्याचा दिला. गेल्या पावसाळ्यात मला ताप चढला, गुरुवार कधी उजाडला कळलंच नाही. रात्री नऊला माझं ‘जय गजानन’ आलं नाही म्हणून नाशिकच्या ताईंनी फोन केला, मी उचलला नाही. त्यांनी किराणावाल्याला लावला. तो दुकानाचं शटर अर्धं ओढून आला, दार वाजवलं, मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डेंग्यू निघाला.

भाचा : आणि मला दुसऱ्या दिवशी कळलं. माझा नंबर काहून नव्हता दिला?

मावशी : चिखलीहून तू येणार किती वेळात? दार वाजवणारा जवळचाच लागतो, हे तुझंच म्हणणं आहे ना? पण आता हेही बघ. किराणावाला रोज समोर बसतो. माझं दार दोन दिवस उघडलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. ध्यानात आलं नाशिकला.

भाचा : (थोडा वेळ थांबून) हे माझ्याकडेही घडलं, मावशी. माझा एक गिऱ्हाईक होता, पाच एकरवाला. गटावर रोज सकाळी सुविचार टाकायचा. अतिवृष्टीत सोयाबीन गेलं, तरी सुविचार चालूच. एक दिवस बंद झाला. मला वाटलं, उधारी टाळतो आहे. त्याने औषध घेतलं होतं. मी गटाला दोष देत होतो, की तुम्ही सगळे अंगठे दाखवत बसलात. पण खरं सांगतो, त्याच्या शेजारच्या शेतवाल्यालाही काही पत्ता नव्हता. बांधाला बांध लागून होता.

मावशी : मग?

भाचा : मग काही नाही. आता कोणी गप्प झाला की फोन लावतो. आधीही लावायचो, पण वसुलीसाठी. आता आधी ‘कसा आहेस’ विचारतो, उधारीचं मागाहून काढतो. कधी कधी काढतही नाही.

मावशी : हेच तर आमचा गट करतो, लेका.

भाचा : करतो, पण मी अजून त्यांना तुझे मित्र म्हणणार नाही. चांगली माणसं म्हणेन. मित्राच्या घरचं जेवण आपल्या पोटात गेलेलं असावं लागतं.

मावशी : ह्यूस्टनवाली महाराजांच्या येत्या प्रगटदिनाला शेगावला येते आहे. तिला चिखलीला आणते, तुझ्या बायकोच्या हातचं जेवायला. मग म्हण.

वाद इथे मिटला असं नाही. भाच्याचं जेवणावर अडलं आहे आणि मावशी यादीतला रकाना दाखवते आहे. पण दोघांच्या बोलण्यातून एक कसोटी हाती येते, आणि ती मोबाईललाही लागू आहे, गल्लीलाही. आपण गप्प झालो तर कोणाच्या लक्षात येईल, आणि लक्षात आलं तर तो आपलं काम उचलेल का? पाच एकरवाल्या शेतकऱ्याला बांधाशेजारी असं कोणी नव्हतं. मिरजेच्या काकांचं काम उचलणारे पुष्कळ होते, दारापर्यंत पोचणारा कोणी नव्हता. खामगावच्या मावशीला दोन्ही मिळालं, कारण नाशिक आणि समोरचं दुकान यांच्यामध्ये एक फोन नंबर होता.

दूरची मैत्री खरी की खोटी, याचा निकाल लावत बसण्यापेक्षा एवढं करावं. तुमचे असे मित्र असतील, तर त्यांना तुमच्या शेजाऱ्याचा नंबर द्या. घरच्यांना त्यांची नावं आणि गावं सांगून ठेवा, लपवण्यासारखं त्यात काही नसतं. आणि घरात आईवडील दिवसभर फोनवर कोणाशी तरी बोलत असतील, तर वैतागण्याआधी विचारा, की पलीकडे कोण आहे. उद्या तुम्हाला त्याच माणसाला फोन करावा लागेल, किंवा तो तुम्हाला करील.